एक रेघ, बाजूला सही

ऑफिसात तिला सगळे गाळणी म्हणायचे. मागून नाही, अगदी तोंडावर. तिलाही त्याचा राग नव्हता, उलट आतून बरंच वाटायचं. काम प्रवास विम्याच्या दाव्यांचं. लोक परदेशी जातात, तिकडे पडतात, धडपडतात, दवाखान्यात भरती होतात आणि परत आले की कागदांचा गठ्ठा विमा कंपनीच्या गळ्यात मारतात. तो गठ्ठा फिरत फिरत शेवटी हिच्या टेबलावर यायचा. मग ही डावीकडे विमा घेतानाचा फॉर्म ठेवायची, उजवीकडे दवाखान्याचा केसपेपर, आणि दोन्ही कागदांवर एकेक बोट टेकवून ओळीओळीने खाली सरकायची. डावीकडे 'मधुमेह नाही' आणि उजवीकडे 'दहा वर्षं गोळ्या चालू' असं दिसलं की बोट थांबायचं आणि लाल पेन उचललं जायचं. त्यापुढे मग माणूस रडो, भांडो, मोठ्या साहेबांना आणो, गाळणीतून काही तो खाली उतरायचा नाही.

त्यातून बोटीवरचे अपघात म्हणजे तिचा हातखंडा. कोणी ओल्या डेकवर घसरलेला, कोणाची बोटं केबिनच्या जड दारात चेंगरलेली, कोणी लाटेच्या एका हिसक्याने जिन्यावरून थेट खालच्या मजल्यावर. समोरच्या टेबलावर मामा बसायचे. ते कोणाचेच मामा नव्हते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले जुने कर्मचारी होते, पण अख्खं ऑफिस त्यांना मामाच म्हणे. फाईल उघडून ते म्हणायचे, "अगं, ही बोट आहे की घसरगुंडी?" आणि ती मान वर न करता म्हणायची, "घसरू देत मामा, फॉर्म खरा भरला असला म्हणजे झालं."

आणि इतक्या वर्षांत तिने एक गोष्ट पक्की ओळखली होती. दावे अडकतात ते मोठमोठ्या लबाड्यांमुळे नाही. माणूस फॉर्म भरताना एक लिहितो आणि स्ट्रेचरवर पडला की दुसरंच सांगतो. घाबरला की खरं बोलतो. तिथेच सापडतो.

आता अशा या बाईच्या आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. दोघांना बोटीने आठ दिवस फिरायला पाठवायचं असं तिने मनावर घेतलं. आईने आजवर समुद्र पाहिला होता तो कॅलेंडरावर. महिनोन्‌महिने चौकशा चालल्या होत्या, कुठे काही जमत नव्हतं, आणि अचानक कोणीतरी बुकिंग रद्द केलं म्हणून एक केबिन मोकळी झाली. बोट सुटायला चार दिवस होते.

अडचण एकच होती, आणि ती फक्त तिला आणि आईला माहीत होती. वर्षापूर्वी आईच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले होते. तेव्हा डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली, रोज सकाळी एक, जन्मभर. गाळणी सोबत होती. निघताना डॉक्टरांनी तिला दारात थांबवून सांगितलं होतं, "ही गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर वाट बघत बसायचं नाही. बाहेरून काही दिसलं नाही तरी तडक मोठा दवाखाना गाठायचा. आणि समोरच्या डॉक्टरला पहिलं वाक्य या गोळीचं सांगायचं."

आईने घरी येताना रिक्षातच अट घातली. "तुझ्या बाबांना कळता कामा नये. जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस तो. मला नुसती शिंक आली तरी नोंद करून मोकळा होईल." दोघी खूप हसल्या. मग बाबांना सांगितलं की ही ताकदीची गोळी आहे, वय झालं की बायकांना लागते. बाबांनी मान डोलावली. आईने गोळ्या पाकिटातून कापून एका छोट्या पत्र्याच्या डबीत भरल्या आणि डबी पर्समध्ये टाकली.

विम्याच्या फॉर्मात नवव्या क्रमांकाचा प्रश्न होता, नियमित औषध चालू आहे का. 'आहे' म्हटलं की पुढे जादा पान उघडतं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, कंपनीच्या डॉक्टरांची मान हलावी लागते. आठ दिवस कुठे गेले नाहीत. शेवटी विमा मिळतोच, हप्ता जरा वाढतो एवढंच, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण हातात दिवस होते चार. आई म्हणाली, "मला आजारी म्हणून लिहिणार असशील तर मी जातच नाही. गोळी घेते म्हणजे आजारी का मी?" गाळणीने 'नाही'वर खूण केली. कागद तिथल्या तिथे छापून बाहेर आला.

निघायच्या दिवशी बॅगा दारात ठेवलेल्या असताना तिने बाबांना बाजूला घेतलं. "एक लक्षात ठेवा. कोणीही विचारलं की आई काही औषध घेते का, तर नाही म्हणायचं."

"अगं, पण ती ताकदीची..."

"ताकदीचीसुद्धा नाही. विमावाले तिचाही आजार करतात. मी रोज बघते ना."

"फॉर्मात काय लिहिलंयस?"

"नाही, असं."

"मग मिटलं," बाबा म्हणाले. त्यांच्या लेखी खरंच मिटलं होतं. एकदा नोंद झाली की ती नोंद, हा त्यांचा जन्माचा हिशेब. चूक दुरुस्त करायची त्यांची पद्धतही ठरलेली. लहानपणी ती पाटीवर थुंकी लावून पुसायची तेव्हा ते तिला सांगायचे, खाडाखोड करायची नाही, चुकलेल्या शब्दावर एक सरळ रेघ, वर खरा शब्द आणि बाजूला सही. खालचा चुकीचा शब्द वाचता आला पाहिजे. आणि सही, चूक ज्याने केली त्याची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वा अकराला ऑफिसात फोन आला. "घाबरू नकोस," बाबा म्हणाले, आणि ती अर्थातच घाबरली. समुद्र जरा खवळलेला होता. कठडा धरून चाला असं कप्तानाने सांगितलंही होतं. पण आईच्या एका हातात चहाचा कप, आणि दुसरा हात बाबांना टोपी वाकडी झाल्याचं दाखवण्यात गुंतलेला. चार पायऱ्या खाली घसरली. डोकं पितळी कडेवर आपटलं. टेंगूळ आलं होतं, बाकी बोलतेय, हसतेय.

"डॉक्टरांनी पाहिलं?"

"पाहिलं ना. पोरगेलासा आहे, पण माणूस चांगला. डोळ्यांत बॅटरी मारली, बोटं मोजायला लावली. म्हणाला, आराम करू द्या, संध्याकाळी परत बघतो."

"काय काय विचारलं त्याने?"

"सगळं विचारलं. वय, पडली कशी, उलटी झाली का, औषधं काय चालू आहेत."

"मग?"

"मग काय, नाही म्हटलं. तू सांगितलं होतंस तसं."

तिच्यासमोर कोणाची तरी फाईल उघडी होती आणि डाव्या कागदावर तिचं बोट होतं. ते तिथेच राहिलं. तेवढ्यात आईने फोन काढून घेतला. "तुझ्या बाबांनी मला ठणठणीत जाहीर करून टाकलंय. परक्या भाषेत! मी नुसती मान हलवत होते."

"डोकं दुखतंय का?"

"आपटल्यावर दुखणारच. त्यात काय एवढं."

"सकाळची गोळी घेतलीस?"

"घेतली की."

एक वाक्य होतं. आई, डॉक्टरला परत बोलाव आणि डबी दाखव. दहा सेकंदांचं काम. ते वाक्य गाळणीच्या जिभेवर आलं, आणि त्याच्या मागोमाग केसपेपर आला. त्या पोरगेल्या डॉक्टरने त्यावर लिहिलेलं तिला दिसलं, की रक्त पातळ करणारी गोळी चालू, आधी सांगितले नव्हते. तो कागद याच ऑफिसात येणार. मामांच्या नाहीतर आणखी कोणाच्या टेबलावर. कर्मचाऱ्याने घरच्यांसाठी खोटा फॉर्म भरला, म्हणजे नोकरी गेलीच. शिवाय बाबांना कळणार. आणि टेंगूळ तर आहे, टेंगळाने कोण मरतं. संध्याकाळी डॉक्टर बघणारच आहे. जरा जरी काही वाटलं तर तेव्हा सांगू.

"झोप जरा," ती म्हणाली. "संध्याकाळी फोन कर."

मग तिने ती फाईल पुरी केली. दुपारी डबा खाल्ला, सगळा खाल्ला. नंतर कितीतरी दिवस तिला हेच आठवत राहिलं, की आपण डबा पुसून खाल्ला होता.

चारला पुन्हा फोन आला. "ही उठत नाहीये," बाबा म्हणाले. "झोपली म्हणून मी उठवलं नव्हतं. डॉक्टर आलाय. ही उठतच नाहीये." आणि फोन तुटला. ती लावत राहिली. बाबांचा लागेना, बोटीचा लागेना. मामा उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिने विम्याच्या मदत क्रमांकावर फोन केला, तर हेलिकॉप्टर आधीच निघालंय एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. वाक्य जिभेवर तयार होतं, आता ती ते कोणालाही सांगायला तयार होती, पण पलीकडे घ्यायला कोणी नव्हतं. अखेर किनाऱ्यावरच्या दवाखान्यातल्या एका नर्सने फोन उचलला. नर्स म्हणाली, पाच मिनिटांपूर्वी गेल्या. डोक्यात रक्तस्राव झाला होता, इतका कसा झाला ते डॉक्टरांनाही कळत नाहीये.

गाळणीला ते कळत होतं. पण ते वाक्य आता कोणाच्याच उपयोगाचं उरलं नव्हतं. ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन खाली ठेवला.

विम्याने आपलं काम चोख केलं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. परक्या गावात बाबांच्या शेजारी बसायला एक बाई पाठवली, त्यांना खोली दिली, कागद केले, आईला आणि बाबांना एकाच विमानाने घरी आणलं. शेवटचं सगळं रीतसर झालं. माणसं आली, गेली. गाळणीला ना रडू आलं ना झोप मोडली. सकाळी उठायची, दात घासायची, ऑफिसात जायची, दोन बोटं दोन कागदांवर ठेवायची. चहात साखर आहे की नाही हे कप संपल्यावरही तिला सांगता आलं नसतं. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे.

महिन्याभराने मामांनी आईची फाईल तिच्यासमोर ठेवली. स्वतःच्या घरची फाईल तिच्याकडे येणं नियमात नव्हतं, म्हणून ती मामांनी पाहिली होती. "पास झाली," ते हळूच म्हणाले. "सगळं जुळलं. तुझी प्रत घेऊन जा."

तिने सवयीने बोटं ठेवली. डावीकडे, औषध नाही. उजवीकडे बोटीवरच्या डॉक्टरचं अक्षर. 'पतीला दोनदा विचारले. कोणतेही औषध नाही.' खाली किनाऱ्यावरच्या दवाखान्याची एक ओळ होती, रक्त गोठायला फार वेळ लागतो, कारण समजले नाही. त्या ओळीशेजारी पेन्सिलीचा ठिपका होता, कोणीतरी रबराने अर्धामुर्धा खोडलेला. तिने मामांकडे पाहिलं.

"बोट काढ त्यावरून," मामा म्हणाले. "म्हातारा झालोय मी. सगळंच काही दिसत नाही." ते जाऊन आपल्या खुर्चीवर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती प्रत घेऊन बाबांकडे गेली. बाबांनी बोटीवरची बॅग शेवटी त्या दिवशी उघडली होती. आईचे कपडे पलंगावर घडी घालून ठेवले होते, न वापरलेला पोहण्याचा पोशाखसुद्धा. तो कोणी घ्यायला लावला होता देव जाणे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्र्याची डबी उघडी होती.

"फाईल पास झाली," ती म्हणाली.

"अडलं नाही ना कुठे?"

"नाही."

"बघ. तुझं ऐकलं म्हणून." बाबांनी माठातलं पाणी फुलपात्रात घेतलं. "तो डॉक्टर दोनदा विचारत होता गं. दुसऱ्यांदा तर अगदी खुर्ची पुढे ओढून विचारलं. मला वाटलं होतं सांगून टाकावं, की ताकदीची एक घेते म्हणून. मग म्हटलं, एवढ्याशासाठी पोरीच्या शब्दाबाहेर कशाला जा." ते डबीत बोट घालून गोळ्या मोजत होते. "अकरा उरल्यात. फुकट कशाला घालवायच्या? माझ्या पायांत काही जीव राहिला नाही बघ. आजपासून मीच घेतो." आणि त्यांनी एक गोळी तळहातावर घेतली.

तिने त्यांचं मनगट धरलं. "नका घेऊ."

"का? जुन्या झाल्यात?"

केवढी सोपी वाट बाबांनीच मोकळी करून दिली होती. हो म्हणायचं, डबी उचलायची, कचऱ्यात टाकायची. बाबा जन्मभर काही विचारणार नव्हते. हो हा शब्द तिच्या तोंडात तयारही झाला. पण बाबा तिच्याकडे बघत होते ते असे, की ती म्हणेल ते खरं. ती नजर तिला सोसवेना.

"ती ताकदीची नाही," ती म्हणाली. "रक्त पातळ करायची आहे. आईचे ठोके चुकायचे. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

बाबांनी गोळीकडे पाहिलं. मग त्यांनी एकेक प्रश्न विचारला, कचेरीच्या खिडकीपलीकडच्या माणसाला विचारायचे तसे, आवाज न चढवता.

"केव्हापासून?"

"वर्ष झालं."

"त्या डॉक्टरला सांगायला हवं होतं."

"हो."

"मग त्याने काय केलं असतं?"

"तेव्हाच हेलिकॉप्टर बोलावलं असतं. सकाळीच."

"वाचली असती?"

"माहीत नाही बाबा. कदाचित."

"मी फोन केला तेव्हा तुला हे ठाऊक होतं. अकरा वाजता."

"सव्वा अकरा," ती म्हणाली. "ठाऊक होतं. जिभेवर आलं होतं. मी बोलले नाही."

बाबांनी गोळी डबीत परत ठेवली आणि झाकण लावलं. पाणी घेतलंच होतं म्हणून ते प्यायले. मग ते खुर्चीवर बसले, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला. "फॉर्म आहे का त्यात?"

"नक्कल आहे. मूळ ऑफिसात."

"नकलेवर कर आधी. उद्या जाऊन मुळावर कर."

"बाबा, मग सगळंच उलटेल. ते पैसे परत मागतील. माझी नोकरी..."

"ते मला समजलं," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातलं पेन काढून तिच्यासमोर ठेवलं.

ती बसली. नववा प्रश्न सापडायला वेळ लागला, रोज बघत असूनही. 'नाही'वर तिने एक रेघ मारली. ती सरळ आली नाही. वर 'आहे' लिहिलं, गोळीचं नाव लिहिलं आणि बाजूला सही केली. महिन्याभरात पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते कागदावर पडू नये म्हणून बाबांनी कागद बाजूला ओढला, आणि ओढलाच होता तर स्वतःकडे फिरवून घेतला.

"तुमची सही नको त्यावर," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

"दोनदा नाही कोण म्हणालं?"

दोन सह्यांना तिथे जागा नव्हती. बाबांनी आपली सही बारीक अक्षरात, तिच्या सहीच्या खाली बसवली. "तारीख कोणती आज?" त्यांनी विचारलं. तिने सांगितली. ती त्यांनी लिहिली, आणि पेन तसंच हातात धरून म्हणाले, "तिला स्वतःला माहीत होतं का, ती काय घेतेय ते?"

"माहीत होतं."

"आणि मला सांगू नको म्हणाली."

"तुम्हाला काळजी वाटेल म्हणून."

बाबांनी पेनाला टोपण लावलं. "वाटली असती," ते म्हणाले.